ढग वाजला की मेन बंद

माझ्या गिरणीत दळण टाकून थांबलेल्या माणसाला दहा मिनिटं काही काम नसतं. मग त्याची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर जाते. तिला सायलेन्सर नाही हे लक्षात येतं आणि प्रश्न येतो, "ताई, एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

रोह्याजवळच्या आमच्या वरसेत हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. पूर्वी मी कंपनीचा आकडा सांगायची. नंतर माझा स्वतःचा सांगू लागले, म्हणजे पावसात, एसी लावून, दोन माणसं घेऊन निघतो तो. आता मी आकडा सांगतच नाही. उलट विचारते, "ढग वाजला की तुमच्या घरात काय करतात?"

"काय करणार? टीव्हीची पिन काढतो. फार झालं तर मेन पाडतो."

"मग घाई करू नका," मी म्हणते.

पुढचं सगळं सांगायला वेळ नसतो, तेवढ्यात दळण होतं. म्हणून ते इथे लिहिते.

माझे यजमान धाटावला कारखान्यात ऑपरेटर होते. रक्तदाबाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं आणि दोन्ही किडन्या गेल्या. नोकरी मुदतीआधी सोडली. पेणच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये त्यांना मंगळवार आणि शुक्रवारचा सकाळी सातचा नंबर मिळाला. शुक्रवार ते मंगळवार हे अंतर मोठं. तेवढ्या दिवसांत अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, सोमवारपासून जिना चढताना धाप लागते. म्हणून मंगळवार चुकवायचा नाही, एवढं सिस्टरने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. शुक्रवारी उशीर झाला तर फोन करा, मंगळवारी उशीर करूच नका.

पाणी दिवसाला एक लिटर. त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. मी सकाळी एक बाटली भरून टेबलावर ठेवते. चहा झाला की तेवढं पाणी तिच्यातून काढून टाकते. यजमानांनी आयुष्यभर कारखान्यात टाक्यांच्या लेव्हल लिहिल्या, त्यामुळे हा प्रकार त्यांना लवकर जमला. "माझी ड्युटी संपली नाय अजून," म्हणायचे.

जुनी पेट्रोलची गाडी होती. डायलिसिसवरून परत येताना ते गळून गेलेले असायचे. क्लच-ब्रेकचे धक्के आणि पेट्रोलचा वास, दोन्हींनी त्यांना उलटी व्हायची. नागोठण्याच्या अलीकडे-पलीकडे आम्ही किती वेळा गाडी बाजूला घेतली असेल. ट्रेन आहे, पण परतीच्या वेळेला नाही, आणि पुलाचे जिने त्यांच्याने होत नाहीत. एकदा ओळखीच्यांच्या इलेक्ट्रिक गाडीतून आलो तर पेण ते रोहा झोपून आले. घरी पोहोचल्यावर मी हलवून उठवलं. गाडी घ्यायचं तिथे ठरलं. बाकी लोक जे हिशेब करतात ते मीही केले, पण आधी गाडी ठरवली आणि मग केले.

चार्जिंग कुठे करायचं यावर बिल्डिंगमध्ये मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी निवृत्त मास्तर आहेत. खालच्या पार्किंगमध्ये पॉइंट नको म्हणाले.

"वहिनी, आग लागली तर?"

"भाऊ, तुमच्या गाडीच्या टाकीत काय गुळाचं पाणी आहे का?" मी म्हटलं.

लोक हसले, पण पॉइंट मिळाला नाही. मग मी माझ्या गाळ्यातून लाइन घेतली. गिरण बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. गिरणीला थ्री फेज आहे, वेगळं मीटर आहे, अर्थिंग चांगलं आहे. ते कसं करतात हे मी उभं राहून बघितलं होतं: खड्डा खणून आत पट्टी, भोवती कोळसा आणि जाडं मीठ, वरून पाणी. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला मी विसरत नाही. वायरमनने मोठं सॉकेट बसवलं. गाडीबरोबर मिळालेला चार्जिंगचा डबा आत खिळ्याला टांगला. वायर शटरच्या खालून बाहेर. गिरणीची मोटर आणि गाडी एकाच वेळी चालली की लोड जास्त होतो, तेव्हा नियम असा केला की गिरण बंद झाल्यावर गाडी लावायची. सकाळपर्यंत भरते. सात-आठ महिने हे घड्याळासारखं चाललं. मी भेटेल त्याला गाडी घ्या म्हणून सांगत सुटले होते. मास्तरांना तर जरा जास्तच.

आता माझी सवय सांगते. ही गिरण सासऱ्यांची. मी हातात घेतली त्याला तिसरं वर्ष असताना परतीच्या पावसात वीज पडली आणि मोटरचं वाइंडिंग जळालं. गिरण आठ दिवस बंद. गिऱ्हाईक पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या गिरणीत गेलं ते सगळं परत यायला सहा महिने लागले. तेव्हापासून लांब कुठे ढग गडगडला की माझा हात मेनच्या दांड्याकडे जातो. दळण अर्ध्यात असेल तर अर्ध्यात राहतं. त्यासाठी विचार करावा लागत नाही, म्हणून केल्याचं लक्षातही राहत नाही.

तो सोमवार दिवाळीच्या आधीचा होता. चकलीच्या भाजणीचे डबे रांगेत होते. बायका सकाळपासून बसलेल्या. मी दिवसभर पिठात होते. संध्याकाळी सातला शेवटचा मोठा डबा काढला, मोटर बंद केली, बाहेर जाऊन गाडीला वायर लावली. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे कोलाडला जाऊन आलो होतो, त्यामुळे बॅटरी बरीच उतरलेली होती. दिवा हिरवा लुकलुकायला लागला तो मी बघितला. आत आले. दोन बायका उरल्या होत्या, अर्धा-अर्धा किलो होतं, मी म्हणत होते की उद्या दुपारी या, आणि त्यांच्यातली एक म्हणत होती, "गो, एवढंसं तर हाय, टाक ना." तेवढ्यात डोंगराकडून ढग वाजला.

मी मेन पाडला. म्हटलं, "बघ, देवानेच नाय सांगितलं."

बायका हसल्या, गेल्या. मी शटर ओढलं आणि वर आले. वरचं मीटर वेगळं, घरात दिवे सुरूच होते. जेवणं झाली. पाऊस बराच वेळ पडला. गाडीच्या ॲपने फोनवर निरोप पाठवला होता की चार्जिंग थांबलं आहे. फोनचा आवाज मी गिरणीत बंद ठेवते, तो बंदच राहिला. झोपताना पिठाने माखलेला फोन पुसला आणि आठवणीने चार्जिंगला लावला.

सकाळी पावणेसहाला खाली आले. वायर काढायला वाकले तर दिवा नाही. पडद्यावर तेवीस टक्के, खाली लिहिलेलं चव्वेचाळीस किलोमीटर. आमच्या दारापासून सेंटरच्या दारापर्यंत चाळीस.

यजमान जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून श्वास घेत होते. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"काय झालं?"

"मेन पाडला होता काल."

त्यांनी मास्तरांच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मास्तरांची गाडी मागूया का? त्यांचा मुलगा आलेला आहे सुट्टीला. सोडेल."

मास्तरांच्या दारात दिवा लागलेला होता. ते पहाटे उठतात. मला फक्त दार वाजवायचं होतं आणि सांगायचं होतं की चार्जिंग लावून मीच लाइट बंद केला. मीटिंगमधलं माझं गुळाचं पाणी मला आठवलं.

"पुरेल," मी म्हटलं. "चार किलोमीटर जास्तच आहेत."

चूक मेन पाडण्याची नव्हती. ती सवय होती. चूक ही.

निघालो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. एसी बंद ठेवला. पाच मिनिटांत काचा धुरकटल्या. काच साफ करायला एसी लागतो, एसीला बॅटरी लागते. यजमान नॅपकिनने माझ्या बाजूची काच पुसत होते. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्टुला आहे, त्या हाताला ताण द्यायचा नाही, म्हणून उजव्या हाताने माझ्यासमोरून वाकून. धाप लागत होती. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "राहू दिलं तर तुला दिसणार कसं?" भिसे खिंडीच्या चढाला आकडा भराभर उतरला. उतारावर थोडा परत आला, पण जेवढा गेला तेवढा नाही. चढात गेलेली बॅटरी उतारात मिळते असं शोरूमवाल्याने सांगितलं होतं. मिळते, पण सगळी नाही.

नागोठण्याच्या पुढे हायवेवर एक लेन बंद होती. ट्रक आडवा झालेला. गाड्या मुंगीच्या पावलाने. पडद्यावर बारा टक्के. फोनवर एक चार्जिंग स्टेशन दाखवत होतं, हायवे सोडून आत तीन किलोमीटर. तिथे वीस मिनिटं लावली तर निवांत पोहोचू, असा मी विचार केला. आत गेलो. एका ढाब्याच्या मागे मशीन उभं होतं, पडदा काळा. ढाब्याचा माणूस पत्र्याखाली दात घासत होता.

"कालपासून लाइटच नाय. वीज पडली ना."

"फोनवर तर चालू दाखवतंय."

"फोनवर मी पण रोज लग्नाला जातो, ताई."

सहा किलोमीटर फुकट गेले. चार किलोमीटर जास्त होते, त्यात हे सहा. यजमानांनी सेंटरला फोन केला की थोडा उशीर होईल. "किती?" पलीकडून विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडी वळवत होते. "थोडा," ते म्हणाले.

वडखळच्या अलीकडे पडद्यावर कासवाचं चित्र आलं. बॅटरी संपत आली की ही गाडी वेग कमी करते आणि कासव दाखवते. मागून ट्रक भोंगे वाजवायला लागले. रस्त्याच्या कडेला एक कौलारू घर, पुढे ताडपत्रीखाली झाकलेली मिठाची रास, बाजूला सुक्या मासळीचं दुकान. मी गाडी अंगणात घातली. चार टक्के. सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पेण अजून आठ किलोमीटर होतं.

घरातून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची. मिठागरात काम करणारं घर, हे तिच्या पायांवरून कळत होतं, टाचा पांढऱ्या फाटलेल्या.

"गारी बंद परली काय गो?"

"बॅटरी संपली. तुमच्याकडे मोठं सॉकेट आहे का? पंपाचं वगैरे?"

"हाय की. ये."

तिने खुर्ची आणली, यजमानांना बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी नको म्हणून हात हलवला. ती मला म्हणाली, "शहरातलं पाणीच लागतं काय दादाला?"

"त्यांना पाणी मोजून प्यायला लागतं. पेणला डायलिसिसला चाललोय."

तिने तांब्या मागे घेतला आणि पुढे थट्टा केली नाही.

पंपाचं सॉकेट मागच्या पडवीत होतं. डिकीतून वायर काढली. घरचा डबा तसाच खिळ्यावर सोडून आले नव्हते, तेवढं शहाणपण होतं. डबा लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल. अर्थिंग नसलं की हा डबा करंट घेत नाही, आपलाच जीव वाचावा म्हणून. मी सॉकेटचं झाकण बघितलं. तिसऱ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती.

"याला अर्थिंग नाही."

"ते तिसरं भोक शोभेला हाय," ती म्हणाली. "आमचा पंप दोनावरच चालतो. कदी कदी झिणझिण्या देतो, तवा कलतं लाइट हाय."

त्या क्षणी मला हसू आलं नाही, नंतर बऱ्याचदा आलं. चारी बाजूंना मीठ, एवढं मीठ की शंभर घरांचं अर्थिंग होईल, आणि या घराला अर्थिंग नाही.

यजमान खुर्चीत पुढे वाकून बसले होते, तसं बसलं की त्यांना श्वास घ्यायला बरं पडतं. ओठांवर निळसर छटा आली होती. बाईने ते माझ्याआधी बघितलं असावं. ती रस्त्यावर गेली आणि हात आडवा करून उभी राहिली. पेणच्या बाजारात कोळंबी घेऊन जाणारी सहा सीटर रिक्षा थांबली. आत चार बायका, पाट्या, बर्फाचं पाणी.

"याला पेनला ने. डायलेसिसला जायचाय."

"जागा खं हाय?" आतून एक म्हणाली.

"तुझी पाटी मांडीवं घे, जागा होतंय."

पाटी मांडीवर गेली. मी यजमानांना आत चढवलं आणि मागच्या फळीवर बसले. त्यांचा डावा हात कशालाही दाबू नये म्हणून मी सांगितलं, तर शेजारच्या बाईने आपला पदर गुंडाळून पाटीच्या कडेला लावला आणि त्यावर त्यांचा हात ठेवला. म्हणाली, "दादा, वास येल हां. उलटी झाली तर बाहेर करा. आमची कोलंबी महाग हाय."

यजमान म्हणाले, "वासाची मला सवय हाय. केमिकल कंपनीत होतो."

सेंटरला पोहोचेपर्यंतचं त्यांचं ते शेवटचं धड वाक्य.

सेंटरला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. सात वाजता खुर्ची रिकामी राहिली म्हणून त्यांनी साडेसातला दुसऱ्या पेशंटला बसवलं होतं. त्याचंही घर लांब होतं, त्यालाही लवकर आटपून जायचं होतं. सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वजन घेतलं. ठरलेल्या वजनापेक्षा जवळजवळ चार किलो जास्त. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला.

"ताई, मंगळवार होता," ती एवढंच म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मशीन साडेअकराला मोकळं होणार होतं. तोपर्यंत त्यांना ऑक्सिजनवर बसवून ठेवायचं, आणि त्रास वाढला तर पनवेलला न्यायचं. मी बाकावर बसले. त्यांनी डोळ्यांनी मला जायला सांगितलं. मला कळेना कुठे. त्यांनी तोंडावरचा मास्क थोडा उचलला. "गाडी," ते म्हणाले. "घरी कशी जाणार?"

सिस्टर म्हणाली, "तुम्ही जा, मी बघते. इथे बसून तुम्ही काही करणार नाही." बरोबर होतं. मला आवडलं नाही, पण बरोबर होतं. माझा नंबर तिच्या हातावर पेनाने लिहिला आणि परत वडखळकडे रिक्षा केली. रिक्षात फोन हातात धरून बसले होते. त्याचा आवाज मी आता पूर्ण मोठा केला होता.

मिठागरवाल्या बाईने विचार करून ठेवला होता. "ती पुरं भातगिरन दिसते काय? तिचा तिसरा भोक चालू असंल."

भाताची गिरण अर्धा किलोमीटरवर होती. कासव दाखवत गाडी तिथवर गेली, दोन टक्क्यांवर. गिरणवाला साठीचा, कोंड्याने पांढरा झालेला. परक्या बाईला एवढी लाइट कोण देणार, म्हणून मी आधी सांगितलं की माझी रोह्याला पिठाची गिरण आहे. त्याने माझी बोटं बघितली.

"कितीची मोटर?"

"दहा एचपी."

"दगड की पल्वरायझर?"

"दोन्ही."

मग त्याने सॉकेट दाखवलं. डबा लावला, दिवा हिरवा झाला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले थोडा वेळ.

"पण घरून निघतानाच कशी नाय भरली?" त्याने विचारलं.

"काल ढग वाजला."

"व्हय, वाजला."

"तुम्ही काय केलंत?"

"मेन पाडला." मग त्याच्या लक्षात आलं. तो हसला नाही. म्हणाला, "आई गो. गाडी त्याच लाइनवर?"

"त्याच लाइनवर."

आजपर्यंत मी ही गोष्ट ज्यांना सांगितली त्यांच्यात मी न समजावता ज्याला ती समजली असा तो एकटाच माणूस. त्याने आपली मोटर तीन तास बंद ठेवली, माझ्या गाडीसाठी. शेतकरी पोती घेऊन आले त्यांना "दुपारी या" म्हणून परत पाठवत होता. मी ओशाळून म्हटलं, तुमचं नुकसान नको. तो म्हणाला, "मोटर आणि गाडी एकदम चालली तर ट्रिप होईल ना? मग बसा गप."

साडेअकराच्या पुढे सिस्टरचा फोन आला. तो उचलायला मला अंगठा दोनदा फिरवावा लागला. मशीनवर घेतलं, ती म्हणाली. चारऐवजी तीन तास मिळतील, मागे नंबर आहेत. पाणी सगळं काढता येणार नाही, उद्या परत या, एक जागा करते. पनवेलला न्यावं लागलं नाही.

दुपारी गाडी घेऊन पेणला गेले. त्यांना बसवलं. परत येताना मिठागरवाल्या घरासमोर थांबले, तिला काय द्यावं सुचत नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझ्या वायरमनला घेऊन गेले आणि तिच्याच अंगणात, तिच्याच मिठाने, खड्डा करून अर्थिंग घातलं. ती म्हणाली, "आता झिणझिण्या नाय येत. लाइट हाय का नाय कलतच नाय."

यजमान मला एक शब्दही बोलले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावात आहे, आमटीत मीठ जास्त पडलं तर बोलतात. यावर नाही बोलले. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या दारात गेले आणि काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, दार वाजवायचं ना." आणखी काही म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पुढच्या महिन्यात पार्किंगमध्ये पॉइंट मिळाला. गिरणीच्या लाइनचा आणि गाडीचा आता संबंध नाही. बॅटरी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, सोमवारी तर नाहीच. भरायची ती दुपारी भरते, संध्याकाळच्या ढगांच्या आधी. मास्तरांच्या मुलाचा आणि अष्टमीच्या एका रिक्षावाल्याचा नंबर फोनमध्ये वर ठेवलाय. गाडी विकली नाही. परतीच्या वाटेवर ते अजून झोपून येतात, आणि त्यासाठीच ती घेतली होती.

एक गोष्ट मला तीन-चार महिन्यांनी कळली. सोमवारी झोपायच्या आधी मी बाटली धुवायला उचलली तर जड लागली. अर्धी भरलेली. मला वाटलं त्यांना बरं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. मग मी रविवारीही बघितली. दोन्ही दिवस ते पाणी राखत होते. गाडी पोहोचली नाही तर अंगात कमी पाणी असावं, म्हणून. उन्हाळा तोंडावर आला होता, त्यांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि मी त्यांना दुधाची साय लावत होते.

मी विचारलं नाही. बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "प्या की. गाडी भरलेली आहे. पुरेल."

तो शब्द माझ्या तोंडून निघाला तसा मलाच ऐकू आला. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती टक्के?" त्यांनी विचारलं.

मी खाली गेले. ॲपवर दिसत होतं, तरी गेले. गाडीचा पडदा चालू केला, फोटो काढला, वर येऊन दाखवला. ब्याण्णव. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला. मग बाटली उचलली आणि दोन घोट प्यायले. बूच लावलं. थोडं थांबून पुन्हा काढलं आणि आणखी एक घोट घेतला.

आता दर सोमवारी तेच विचारतात. मी "पुरेल" म्हणत नाही, आकडा सांगते. तरी बाटलीत चार बोटं पाणी उरतंच.